दंगलीनंतरचे घर

फेब्रुवारी १९६१ मध्ये जबलपूर शहरात जातीय दंगल उसळली. विडीच्या धंद्यातील चढाओढ, वृत्तपत्रांतील भडक मजकूर आणि अफवा यांनी ती चिघळत गेली व थोड्याच दिवसांत तिचे लोण सागर, दमोह आणि नरसिंहपूर या गावांपर्यंत पोहोचले. फाळणीचा काळ सरल्यानंतरची पहिली मोठी दंगल म्हणून ती ओळखली जाते. तिचा पंडित नेहरूंच्या मनावर खोल परिणाम झाला आणि त्यानंतर राष्ट्रीय एकात्मता परिषद स्थापन करण्याच्या निर्णयामागे जबलपूरचा अनुभव हे एक मोठे कारण होते.

दंगलीची नोंद इतिहासात बहुधा मृतांच्या संख्येने होते. परंतु जे वाचतात, त्यांच्यापुढे त्याच रात्री एक साधा प्रश्न उभा राहतो : आता राहावयाचे कोठे?

पूर ओसरला की पूरग्रस्त आपल्या घराकडे परततो, कारण त्याचे वैर पाण्याशी असते. दंगलग्रस्ताला भीती वाटते ती शेजाऱ्याची. त्याच्या घराच्या भिंती शाबूत असल्या, तरी ते घर त्याला राहण्याजोगे उरत नाही. सरकारी मदतीची नेहमीची पद्धत येथे अपुरी पडते. पंचनाम्यात जळालेली तुळई आणि फुटलेली कौले लिहिता येतात. भीती लिहिता येत नाही. शिवाय जो भाडेकरू आहे, त्याच्याजवळ मालकीचा कागदही नसतो.

आपल्या देशाने निर्वासितांना घरे देण्याचे फार मोठे कार्य फाळणीनंतर केले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख लोकांना आश्रय देण्यात आला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पुढे १९५४ च्या कायद्याने विस्थापितांना नुकसानभरपाई आणि मालमत्तेची मालकी देण्याची व्यवस्था केली. मात्र त्या लोकांना परतीची वाटच राहिली नव्हती. जबलपूरसारख्या शहरात तसे नसते. सोडलेले घर दोन गल्ल्यांपलीकडेच उभे असते, आणि म्हणूनच निर्णय अधिक अवघड होतो.

असाच पेच उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहरापुढे आला. ऑगस्ट १९६९ च्या दंगलीत तेथील सुमारे १८०० कुटुंबांनी घरे सोडली. १९७१ मध्ये सार्वजनिक घरांचे वाटप स्थानिक नगरपालिकांकडून काढून एका स्वतंत्र गृहनिर्माण मंडळाकडे सोपविण्यात आले, कारण वाटपात पक्षपात होतो ही तक्रार जुनी होती. धाकदपटशामुळे ज्याला स्वतःचे घर सोडावे लागले, त्याचे घर मंडळाने बाजारभावाने विकत घ्यावे, अशीही एक योजना पुढे आखण्यात आली. जिवाला धोका असल्याचा पोलिसांचा दाखला त्यासाठी आवश्यक असे. या योजनेमागील विचार सरळ आहे : भीतीने सोडलेल्या घराला वाजवी किंमत देणारा गिऱ्हाईक भेटत नाही, तेव्हा ते ओझे सर्व समाजाने उचलावे.

परंतु स्थलांतराला दुसरीही बाजू आहे. बेलफास्टमधील अनेक गल्ल्या एकाच पंथाच्या होऊन गेल्या आणि वस्त्यांच्या मध्ये भिंती उभ्या राहिल्या. माणसे सुरक्षित झाली, पण शेजार तुटला.

त्याहून चिंतेची गोष्ट म्हणजे मदतच अट होऊन बसणे. २०१३ मध्ये मुझफ्फरनगर भागातील दंगलीनंतर उत्तर प्रदेश सरकारने विस्थापित कुटुंबांना प्रत्येकी पाच लाख रुपये देऊ केले; मात्र आपण गावी परतणार नाही, असे प्रतिज्ञापत्र त्यांच्याकडून लिहून घेतले. घर उभारण्यासाठी मिळालेल्या पैशानेच मूळ घराचा दरवाजा बंद झाला.

संयुक्त राष्ट्रांच्या १९९८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी या बाबतीत स्पष्ट कसोटी घालून दिली आहे. विस्थापितांना स्वेच्छेने, सुरक्षितपणे व सन्मानाने घरी परतता यावे, अथवा स्वेच्छेने अन्यत्र वसता यावे. आणि त्यासाठी साधने पुरविणे हे शासनाचे पहिले कर्तव्य होय. या वाक्यातील महत्त्वाचा शब्द ‘स्वेच्छेने’ हा आहे. कोणी परत जाईल, कोणी जाणार नाही. शासनाने दोन्ही वाटा खुल्या ठेवाव्यात. कोणती धरावयाची हे त्या कुटुंबाने ठरवावे. एरव्ही दंगलखोरांनी जे बळाने साधले, त्यावर सरकारी शिक्का बसतो.