सिकलसेल : ‘एएस’ म्हणजे आजारी नव्हे

पूर्व विदर्भात लग्न जुळवताना आता पत्रिकेऐवजी सिकलसेलची विचारणा होते. विचारणा रास्त आहे. पण बहुतेक वेळा ती फक्त मुलीकडे होते आणि ‘एएस’ असे उत्तर आले की स्थळ मोडते. त्यामुळे अनेक घरे तपासणीच टाळतात किंवा रिपोर्ट लपवून ठेवतात. हा आजार आपल्या बौद्ध समाजात, आदिवासींमध्ये आणि काही ओबीसी जातींतही मोठ्या प्रमाणात आढळतो. म्हणून हा विषय नीट समजून घेतला पाहिजे.

हिमोग्लोबिनचा एक जनुक आईकडून येतो, एक वडिलांकडून. एकच सदोष असेल तर ती व्यक्ती ‘एएस’, म्हणजे वाहक. तिला सहसा काहीच त्रास नसतो, औषधही लागत नाही. दोन्ही सदोष असतील तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडे-सांधे असह्य दुखतात, वारंवार कावीळ होते, रक्त कमी होते. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही जेमतेम 10 ते 20 दिवस.

एएस मुलीचे एए मुलाशी लग्न झाले तर त्यांचे एकही मूल एसएस होत नाही. मग स्थळ मोडायचे कशाला? दोघेही एएस असतील तर मात्र प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता 25 टक्के असते. प्रत्येक वेळी, नव्याने. ‘पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली होतील’ हा हिशेब साफ चुकीचा आहे. म्हणून तपासणी मुलाचीही हवीच. अशा जोडप्याला गरोदरपणाच्या सुरुवातीलाच गर्भाची तपासणी करता येते.

उपचारांबाबत बातम्या मोठ्या येतात. ‘कॅसजेव्ही’ या जनुक-संपादन उपचाराला 2023 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर. या उपचाराने शरीरात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा वाढते आणि पेशी वाकणे कमी होते. गंमत अशी की हायड्रॉक्सीयुरिया ही जुनी, स्वस्त गोळीसुद्धा मुख्यतः हेच काम करते, अर्थात कमी प्रमाणात आणि रोज घेतली तरच. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत घ्यायची; मूल हवे असेल तर आधी त्यांना सांगायचे. दुखणे थांबले म्हणून गोळी मनाने बंद करू नये.

केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै 2023 पासून सुरू आहे. शिबिरात अनेकदा सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तरी माणूस एएस आहे की एसएस हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. शिबिर घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी दुसऱ्या चाचणीचा रिपोर्ट घरापर्यंत पोहोचतो का, हे पाहावे. आणि एसएस रुग्ण असलेल्या घरी एक गोष्ट आवर्जून सांगावी : 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.