जर्मनीचे वार्तापत्र : सिस्टरच्या निष्ठेचा हिशेब

ड्युसेलडॉर्फ : यवतमाळ जिल्ह्यातल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांत परिचारिकेचा पेशा नवा नाही. अमेरिकेच्या फ्री मेथडिस्ट मिशनने या भागात काम उभे केले आणि पांढरकवड्याकडे उमरीला दवाखाना चालवला. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात तर १८९७ पासून नर्सिंगचे शिक्षण सुरू आहे. अशी एखादी सिस्टर पिकल्या वयात प्रभूमध्ये झोपी गेली की स्मरणसभेत सांगतात : लेकरांना मार्गी लावले, मंडळीची मनापासून सेवा केली. दोन्ही खरे असते. पण रात्रपाळ्यांनी भरलेली तिची नोकरी, तिचे कसब आणि तिचा पगार यांविषयी फारसे कोणी बोलत नाही. हा हिशेब आता मांडायला हवा, कारण महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि त्यात परिचारिकाही आहेत. म्हणजे याच यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीच्या, जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेल्या मुलीपर्यंतही ही वाट येऊन पोचली आहे. तिला बोलावणाऱ्या देशाने शंभर वर्षे बायकांच्या सेवाभावावर दवाखाने चालवले. निष्ठेचे कौतुक जिथे पगाराची जागा घेते, तिथे पुढे सेवेला माणसेच मिळेनाशी होतात, असे माझे म्हणणे आहे, आणि त्याचा पुरावा याच शहरात आहे.

आज ड्युसेलडॉर्फचा भाग असलेल्या, ऱ्हाईनकाठच्या कायझर्सवेर्टमध्ये पाद्री थिओडोर फ्लीडनर आणि त्यांची पत्नी फ्रीडरिके यांनी १८३६ साली डीकनेस भगिनींचे मातृगृह काढले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ मध्ये काही महिने इथेच शिकून गेल्या. डीकनेस म्हणजे अविवाहित राहून प्रॉटेस्टंट चर्चसाठी रुग्णसेवा करणारी स्त्री. मातृगृह सांगेल तिथे तिने जायचे. मोबदल्यात राहणे, जेवण, कपडे, थोडा हातखर्च आणि म्हातारपणी अखेरपर्यंत सांभाळ. फ्लीडनरांनी त्यांना पोशाख दिला तो मात्र विवाहित घरंदाज बाईचा, डोक्यावर पांढरी टोपी असलेला. समाजात मान मिळावा म्हणून वेष लग्न झालेलीचा, आणि लग्न केले तर मातृगृह सोडायचे! त्या काळात एकट्या बाईला शिक्षण, प्रतिष्ठा आणि म्हातारपणचा आधार देणारी दुसरी जागा जवळपास नव्हती, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पुष्कळ जणींनी ते आयुष्य समाधानाने काढले. पण चर्च आणि कुटुंब यांतले एकच निवडण्याची ती अट होती, आणि दुसरी वाट निघताच बायकांनी ती अट नाकारली.

आग्नेस कार्ल यांचे उदाहरण बोलके आहे. रेड क्रॉसच्या मातृगृहात शिकलेल्या या बाईंनी तिथले राबणे सोडून बर्लिनमध्ये खासगी रुग्णसेवा पत्करली, आणि १९०३ मध्ये मातृगृहाबाहेरच्या परिचारिकांची संघटना बांधली. दुसऱ्या महायुद्धानंतर तर डीकनेस होऊ पाहणाऱ्या मुली झपाट्याने कमी झाल्या. ती पोकळी भरायला १९६० च्या दशकात कोरियातून परिचारिका आल्या, आणि कॅथलिक चर्चच्या ओळखीतून केरळच्या मुली आल्या. त्या चर्चला धरून होत्या, आणि गावाकडचे घरही त्यांच्याच पैशांवर चालत होते. मातृगृहाने ज्या दोन निष्ठा एकत्र नांदू दिल्या नव्हत्या, त्या या मुलींनी एकत्र निभावल्या. तरी १९७३ मध्ये परदेशी कामगारांची भरती थांबली आणि पुढच्या काही वर्षांत अनेकींचे परवाने वाढवले गेले नाहीत. ज्या राहिल्या, त्यांच्यापैकी कितीतरी जणींच्या नवऱ्यांना वर्षानुवर्षे कामाची परवानगी नव्हती.

पगाराची भाषा आली की माया आटते, असा आक्षेप आपल्याकडे नेहमी घेतला जातो. इथला अनुभव तसा नाही. कॅथलिकांची कारितास आणि प्रॉटेस्टंटांची डियाकोनी या संस्थांत आजही प्रत्येकी सहा लाखांहून अधिक लोक पगारी नोकरीत आहेत. व्रत मागे पडले, चर्चची रुग्णसेवा टिकली. दोष तिथेही आहेत. चर्चच्या संस्थांना वेगळा कामगार कायदा लागू असल्याने संपावर मर्यादा आहेत, आणि घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केल्यास कॅथलिक संस्थेतली नोकरी जाऊ शकत असे. तो नियम बिशपांनी २०२२ मध्ये बदलला. मला याहून मोलाचा वाटतो तो १९९५ पासूनचा सक्तीचा शुश्रूषा विमा. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे घरीच करणाऱ्या सुनेच्या पेन्शनची वर्गणी, ठरावीक अटींवर, हा विमा भरतो. कुटुंबावरची माया इथे कायद्याने श्रम म्हणून मोजली, आणि त्याने ती कमी झाली असे कोणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : आपल्या मुली इकडे आल्या तर आपल्या ग्रामीण रुग्णालयांचे काय? ही चिंता रास्त आहे. पण महाराष्ट्रात कितीतरी परिचारिका वर्षानुवर्षे कंत्राटी पगारावर राबतात, आणि त्यांना सेवाभावाचे प्रवचन ऐकवून थांबवणे म्हणजे कायझर्सवेर्टचीच चूक पुन्हा करणे. त्यांना थांबवायचे तर कायम नेमणूक द्यावी लागेल.

जिला यायचे आहे तिने सही करण्याआधी नीट विचारून घ्यावे. परिचारिका म्हणून मान्यतेसाठी साधारणपणे बी-२ पातळीची जर्मन लागते. त्या वर्गाचा खर्च कोण देणार? मान्यता मिळेपर्यंत सहसा मदतनिसाचाच पगार मिळतो. तो किती, आणि किती महिने? नवरा-मुले कधी येऊ शकतील? त्यासाठी घर केवढे आणि उत्पन्न किती दाखवावे लागेल? पेन्शनचे मात्र स्पष्ट आहे. इथे किमान पाच वर्षांची वर्गणी भरली की हक्क तयार होतो, आणि भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून लागू असल्याने निवृत्त होऊन आर्णीत राहायला गेलेल्या सिस्टरलाही ती पेन्शन तिथे घेता येते.