खारपाणपट्टा आणि तीन शास्त्रें

वऱ्हाड म्हटलें कीं काळीभोर जमीन आणि ‘पांढरें सोनें’ म्हणून गाजलेला कापूस हींच प्रथम डोळ्यांपुढें येतात. परंतु याच प्रांताच्या मध्यभागीं, उत्तरेस सातपुड्याचे गाविलगड डोंगर व दक्षिणेस अजिंठ्याची रांग यांच्या दरम्यान, पूर्णा नदीच्या दोन्ही तीरांवर एक विस्तीर्ण पट्टा असा आहे कीं, जेथें जमीन उत्तम, पण विहीर निरुपयोगी. अमरावतीकडील दर्यापूर-भातकुलीपासून अकोल्याकडील अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या भागांतून तो थेट बुलढाण्यांतील शेगांव-संग्रामपुरापर्यंत पसरला असून त्यांतील गांवांची संख्या ९०० च्या आसपास आहे. लोक त्यास खारपाणपट्टा म्हणतात. येथील विहिरीच्या पाण्यांत साबणास फेस येत नाहीं, डाळ लवकर शिजत नाहीं, आणि त्या पाण्यावर भिजविलेलें शेत कांहीं वर्षांत चोपण होतें.

हें सर्व डोळ्यांस दिसणारें झालें. डोळ्यांस न दिसणारी गोष्ट याहून गंभीर आहे. या पट्ट्यांत मूत्रपिंडाच्या विकारानें खंगलेलीं माणसें दाखवून “हें पाण्यामुळेंच” असें गांवोगांव सांगतात. घरांतील कर्ता पुरुष डायलिसिसवर गेला म्हणजे अख्ख्या कुटुंबाची घडी कशी विस्कटते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. म्हणून हा समज खरा किती, याचा विचार करणें अगत्याचें आहे. तो करूं लागतांच असें दिसून येतें कीं, या एका विहिरीच्या प्रश्नास पदार्थविज्ञान, स्थापत्य व यंत्रशास्त्र, आणि वैद्यक या तिघांनींही हात घातला आहे. प्रत्येकानें पुष्कळ मिळविलेंही आहे. परंतु पूर्ण उत्तर त्या तिघांच्या सांध्यावर अडून राहिलें आहे.

पहिला प्रश्न असा कीं, समुद्रापासून इतक्या दूर हें मीठ आलें कोठून? पूर्णेचें खोरें म्हणजे दोन डोंगररांगांमधील खचलेला भाग होय. नदीनें युगानुयुगें आणलेल्या गाळानें तो भरून निघाला, आणि हा गाळ कित्येक ठिकाणीं शेकडों फूट खोल आहे. अशा बारीक गाळांत पाणी फार मंद गतीनें सरकतें. कांहीं अभ्यासकांनीं प्राचीन समुद्राच्या अवशेषाची कल्पना मांडली. दुसऱ्यांच्या मतें कोरड्या हवामानाच्या काळीं पाण्याची वाफ होऊन गेली आणि क्षार तेवढे मागें राहून सांचत गेले.

असा वाद केवळ तर्कानें मिटत नाहीं. तेथें पदार्थविज्ञान उपयोगी पडतें. खारें पाणी विजेचें वाहक असल्यामुळें जमिनींत वीजप्रवाह सोडून तिचा रोध मोजला, तर विहीर न खणतांही खारें व गोडें पाणी कोठें असावें याचा अंदाज घेतां येतो. तसेंच पाण्यांतील प्राणवायूचे कांहीं अणु इतरांपेक्षां जड असतात. पाण्याची वाफ होतांना हलके अणु अधिक निघून जातात आणि जड मागें राहतात. उलट पाण्यांत नुसतें मीठ विरघळलें तर या प्रमाणांत फरक पडत नाहीं. म्हणजे पाण्याचा थेंब आपला पूर्वेतिहास आपल्याबरोबर बाळगून असतो; तो वाचणारें यंत्र मात्र पाहिजे.

जमिनीचें कोडेंही असेंच उलगडलें. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेंतील संशोधकांनीं पूर्णेच्या खोऱ्यांतील काळ्या मातीचा अभ्यास करून १९९६ च्या सुमारास असें दाखविलें कीं, येथील कोरड्या हवेंत मातींतील कॅल्शियम चुनखडीच्या रूपानें बाहेर पडतो, त्याची जागा सोडियम घेतो, आणि चिकणमातीचे कण विस्कटून पाणी मुरण्याच्या वाटा बुजतात. मातीच्या धरून ठेवलेल्या क्षारांत सोडियमचा वांटा शेंकडा १५ झाला म्हणजे जमीन बिघडली, असें प्रचलित कोष्टक सांगे. परंतु येथील माती शेंकडा ५ च्या पुढेंच बिघडूं लागते, असें त्यांना आढळलें. परदेशांत ठरलेलें माप आपल्या मातीस जसेंच्या तसें लावूं नये, हा धडा यांत आहे, आणि तो पुढें वैद्यकासही लागू पडेल.

आतां स्थापत्य व यंत्रशास्त्राकडे वळूं. त्यांच्यापुढें दोन मार्ग होते. पहिला, गोडें पाणी दुरून आणणें. वान, काटेपूर्णा यांसारख्या नद्यांवर धरणें बांधून नळानें पाणी नेण्याच्या योजना झाल्या, आणि पुष्कळ गांवांच्या घागरींतील पाणी त्यामुळें पालटलें. दुसरा मार्ग, खाऱ्या पाण्यांतूनच मीठ वेगळें करणें. आणि या मार्गाची कथा मोठी मनोरंजक आहे. १७४८ सालीं नोले नांवाच्या फ्रेंच पदार्थविज्ञान्यानें मद्यार्कानें भरलेल्या भांड्याच्या तोंडावर प्राण्याच्या मूत्राशयाचें कातडें बांधून तें पाण्यांत बुडविलें. पाणी कातडें ओलांडून आंत शिरलें आणि कातडें फुगून टंच झालें. पातळ द्रवाकडून दाट द्रवाकडे पाण्याची ही ओढ म्हणजेच परासरण. मग दाटाच्या बाजूनेंच जोराचा दाब दिला तर पाणी उलट येईल कीं नाहीं? येतें, परंतु मीठ अडविणारा आणि तरीही पाणी भराभर सोडणारा पापुद्रा साधेना. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठांत लोब आणि मूळचे आपल्या देशांतील श्रीनिवास सौरीराजन् या दोघांनीं तो साधला. १९६५ सालीं त्याच प्रांतांतील कोअलिंगा गांवीं या रीतीनें गोड केलेलें पाणी लोकांस मिळूं लागलें. आज घरोघरीं दिसणारें ‘आर. ओ.’ चें यंत्र त्याच पापुद्र्याचा वंशज होय. परंतु या यंत्रांतून सुटलेलें अतिखारट पाणी कोठें सोडावयाचें, हा प्रश्न उरतोच. तें पुन्हां जमिनींत मुरविलें तर खारपाणाचीच भर!

गंमत अशी कीं, हाच पापुद्रा दुसऱ्या वाटेनें वैद्याच्या हातीं आधींच आलेला होता. १९४३ सालीं, हॉलंड देश जर्मनांच्या अंमलाखालीं असतां, विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरनें एका लांकडी पिंपावर सेलोफेनची नळी गुंडाळली, पिंप क्षारयुक्त पाण्यांत फिरतें ठेवलें, आणि नळींतून रोग्याचें रक्त खेळविलें. रक्तांतील विषारी द्रव्यें पापुद्र्यांतून बाहेर गेलीं. प्रथम पुष्कळ रोगी दगावले. १९४५ सालीं एक वृद्ध स्त्री वांचली. आजचें डायलिसिस तें हेंच. सारांश, ज्या तत्त्वानें विहिरीचें पाणी निवळतें त्याच जातीच्या तत्त्वानें माणसाचें रक्त निवळतें. परंतु पाणी निवळण्यास जो खर्च व कष्ट लागतात, त्यांच्या कैक पट रक्त निवळण्यास लागतात. म्हणूनच रोगाचें मूळ शोधणें हें खरें काम आहे.

येथें वैद्यकाची अडचण लक्षांत घेतली पाहिजे. मूत्रपिंडाचें निम्मेअधिक बळ जाईपर्यंत रोग्यास बहुधा कांहींच जाणवत नाहीं. आणि कारणें अनेक असतात: मधुमेह, रक्तदाब, उन्हातान्हांत घाम गाळून पाणी कमी पिणें, अंगदुखीच्या गोळ्या वारंवार घेणें, पाण्यांतील फ्लोराइड किंवा इतर द्रव्यें. आंध्रांतील उद्दानम् भागांत, सिंहलद्वीपाच्या उत्तर-मध्य प्रांतांत आणि मध्य अमेरिकेच्या ऊंसाच्या मळ्यांत कष्टकऱ्यांना असाच विकार जडतो. दशकांच्या संशोधनानंतरही त्याचें एकच एक कारण सर्वमान्य झालेलें नाहीं. बंगालच्या उपसागराकांठीं, बांगलादेशांतील खुलना भागांत २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत खारें पाणी पिणाऱ्या गर्भवतींत रक्तदाबाचे धोके अधिक आढळले. पण २०१९ सालच्या दुसऱ्या संशोधनांत किंचित् खारें पाणी पिणाऱ्यांचा रक्तदाब उलट थोडा कमी भरला. त्या पाण्यांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम सोडियमचा अपाय मारतात, असा अर्थ संशोधकांनीं लावला. म्हणजे “खारें” हा एक शब्द पुरेसा नाहीं. कोणता क्षार, किती, आणि कोणाच्या पोटांत, हें मोजल्यावांचून निर्णय करतां येत नाहीं.

तर मग मोजावें कसें? याचें उत्तर १८५४ सालच्या लंडनांत सांपडतें. पटकीची सांथ पाण्यानें पसरते असें डॉ. जॉन स्नो यांचें मत होतें. तेथें एकाच मोहल्ल्यांतील शेजारच्या घरांना दोन निरनिराळ्या कंपन्यांचे नळ होते. एकीचें पाणी शहराच्या वरच्या अंगाच्या स्वच्छ नदीचें, दुसरीचें शहराच्या घाणीनें भरलेलें. स्नो यांनीं कोणत्या घरीं कोणता नळ तें पाहून मृत्यूंची गणना केली, आणि सत्य उघड झालें. एंजिनियरांनीं नळ टाकतांना नकळत एक प्रयोगच मांडून ठेवला होता. वैद्यानें तो वाचला.

वऱ्हाडांतही तसाच प्रयोग मांडलेला आहे. गोडें पाणी सर्व गांवांस एकाच दिवशीं पोहोंचलेलें नाहीं. कोणत्या गांवीं नळ कोणत्या सालीं आला याची टिपणें स्थापत्यखात्याकडे. विहिरींतील क्षारांची कोष्टकें भूजलाच्या अभ्यासकांकडे. आणि रोग्यांची नोंद डॉक्टरांकडे. हे तीन कागद एका मेजावर शेजारीं शेजारीं ठेवले, तर नळ आल्यावर मूत्रपिंडाचा विकार घटला कीं नाहीं, याचें उत्तर मिळण्याची वाट मोकळी होईल. अमरावतीस १९६४ पासून सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९८३ पासून विद्यापीठ आहे. अकोल्यास १९६९ पासून कृषि विद्यापीठ व २००२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन शहरांत अंतर तें काय, दोन-अडीच तासांचें! या संस्थांतून शिकणारीं मुलें आपल्याच घरांतलीं आहेत. त्यांनीं प्रबंधासाठीं विषय दूरदेशीं शोधण्याऐवजीं आजोळच्या विहिरीकडे पाहावें.

तोंपर्यंत कुटुंबांनीं स्वस्थ बसावें असें मात्र नाहीं. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार इष्ट मानले आहेत, आणि दुसरा उपायच नसेल तर २००० पर्यंत चालतात. आपल्या विहिरीचें पाणी पावसाळ्यापूर्वीं व नंतर असें वर्षांतून दोनदां तपासून घ्यावें, आणि तो कागद जमाखर्चाच्या वहीइतकाच जपून ठेवावा. घरांतील वडील मंडळींचा रक्तदाब, लघवींतील प्रथिन व रक्तांतील क्रिएटिनिन वर्षांतून एकदां पाहावें; दुखण्याच्या गोळ्या वैद्याच्या सल्ल्यावांचून घेऊं नयेत; उन्हाळ्यांत शेतावर जाणाऱ्याबरोबर गोड्या पाण्याचें भांडें विसरूं नये. अशा हजार घरांच्या वह्या एकत्र आल्या तर तेंही संशोधनच होय. कारण शास्त्राचें पहिलें साधन यंत्र नसून नीट ठेवलेली नोंद हें आहे, आणि ती नोंद ठेवण्यास घरांतील कोणीही लिहितें-वाचतें माणूस पुरेसें आहे.