संवर्धित वास्तव आणि मूलकणांचे अध्यापन

मूलकण डोळ्यांस दिसत नाही. दिसते ती त्याने मागे ठेवलेली खूण. ह्या विषयाच्या अध्यापनातील मुख्य अडचण हीच होय. पुस्तकातील आकृती मार्ग सपाट कागदावर दाखविते. कण मात्र अवकाशात वळत असतो. ही उणीव 'संवर्धित वास्तव' ह्या तंत्राने काही अंशी भरून निघते. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून समोरचे टेबल पाहिले असता त्यावर संगणकाने रचलेला मार्ग उभा असल्यासारखा दिसतो, व टेबलाभोवती फिरून तो सर्व बाजूंनी न्याहाळता येतो.

एक उदाहरण घेऊ. १९३२ साली कार्ल अँडरसन ह्यांनी विश्वकिरणांची छायाचित्रे बाष्पकोठीत घेतली. ह्या उपकरणात कणाच्या वाटेवर सूक्ष्म थेंब जमून ती दृश्य होते. कोठी चुंबकीय क्षेत्रात होती व तिच्या मध्यावर ६ मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा आडवा बसविला होता. एका छायाचित्रात मार्गाची वक्रता पत्र्याच्या खाली कमी, तर वर अधिक आढळली. पत्र्यातून जाताना कण ऊर्जा गमावतो, आणि संवेग घटलेला कण अधिक वळतो. अर्थात् हा कण खालून वर गेला होता. दिशा कळताच वळणावरून त्याचा भार धन ठरला. तो प्रोटॉन असता तर तेवढ्या वक्रतेस सुमारे ५ मिलिमीटरच गेला असता. प्रत्यक्ष मार्ग ५ सेंटिमीटरांहून लांब होता. हाच पॉझिट्रॉन होय.

वर्गात हा मार्ग प्रथम पत्र्याविना टेबलावर उभा करावा. चुंबकीय क्षेत्राची दिशा बाणांनी दाखवावी. दोन विद्यार्थ्यांना त्याच्या दोन टोकांशी उभे करून आपापल्या टोकापासून मार्गाचा मागोवा घेण्यास सांगावे. एकास वळण डावीकडे दिसेल, दुसऱ्यास उजवीकडे. एक भार धन म्हणेल, दुसरा ऋण. आणि दोघांचेही तर्क निर्दोष असतील. मग पत्रा व त्यापलीकडील वाढलेली वक्रता दाखवावी, म्हणजे वाद आपोआप मिटेल.

मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. पडद्यावरील रेषा सुबक असल्यामुळे तीच निरीक्षण आहे, असा विद्यार्थ्याचा समज होतो. सर्न येथील ४६ मीटर लांब व २५ मीटर व्यासाच्या अ‍ॅटलास शोधकातही मार्गाची रेषा उमटत नाही. निरनिराळ्या थरांवर तुटक बिंदूंची नोंद होते व रेषा गणिताने काढावी लागते. म्हणून आधी केवळ बिंदू दाखवावेत, विद्यार्थ्याकडून त्यांतून मार्ग काढवावा, आणि त्यानंतरच संगणकाची रेषा प्रकट करावी. हा क्रम उलटला, तर विद्यार्थी चित्र पाहील. भौतिकी शिकणार नाही.