माळाला हवे गवत

रस्ता, खाण किंवा धरणासाठी जंगलाची जमीन दिली जाते, तेव्हा ती घेणाऱ्याला सरकारकडे पैसे भरावे लागतात. गेलेल्या जंगलाच्या बदल्यात दुसरीकडे जंगल उभे राहावे, हा त्यामागचा हेतू. या पैशाला ‘कॅम्पा’ निधी म्हणतात. त्यासाठी २०१६ साली कायदा झाला. २०१९ साली केंद्राने राज्यांना ४७ हजार कोटींहून अधिक रुपये दिले. महाराष्ट्राच्या वाट्याला ३,८४४ कोटी आले.

पैसा आला की हिशेब आला. हिशेबाला सर्वांत सोपे काय? रोप! खड्डे किती, रोपे किती, मजुरी किती, हे कागदावर लगेच मांडता येते. राज्यातल्या वृक्षलागवडीचे उद्दिष्ट २०१६ साली २ कोटी रोपांचे होते. २०१९ साली ते ३३ कोटींवर गेले. झाड लावणे वाईट असे कोण म्हणेल? पण ते कुठे लावायचे, हा प्रश्न उरतोच.

सोलापूर, अहिल्यानगरकडचा माळ पाहा. पाऊस कमी, माती उथळ. तिथे पवन्या, कुसळीसारखी गवते पिढ्यान्‌पिढ्या वाढत आली आहेत. त्यांवर धनगरांची मेंढरे चरतात, काळविटे जगतात, लांडगा आणि खोकडही तिथेच राहतात. सरकारी नोंदीत मात्र अशी पुष्कळ जमीन ‘पडीक’ ठरते. मग तिथे मध्य अमेरिकेतून आलेले गिरिपुष्प लावले जाते आणि त्याच्या दाट सावलीत गवत विरळ होत जाते.

माळढोक जमिनीवरच अंडे घालतो, बहुधा एकच. शत्रू लांबून दिसावा असा मोकळा माळ त्याला लागतो. त्याच्यासाठी या भागात १९७९ साली अभयारण्य झाले. आज साऱ्या देशात हा पक्षी दीडशेच्या आसपास उरला आहे. जैसलमेर जिल्ह्यात २०१९ साली त्याचे प्रजनन केंद्र सुरू झाले, तेही कॅम्पाच्याच पैशातून. म्हणजे सरकारी खजिन्यातून एकीकडे पक्षी वाढवायचा आणि दुसरीकडे त्याचे घर झाडांनी भरायचे!

जे मोजाल तेच हाती येते. रोपे मोजली तर रोपे मिळतील. गवताच्या जाती, पक्ष्यांची घरटी आणि पाच वर्षांनंतरची स्थिती मोजली, तर माळ परत मिळेल. त्याला खर्चही फार नाही. राखणदार, वणव्यापासून बचाव आणि मेंढपाळांशी बोलून ठरवलेली चराईची पाळी एवढे पुरते.

तुमच्या गायरानात उद्या वनीकरणाचा फलक लागला, तर ग्रामसभेत एवढेच विचारा: इथे आधी काय उगवत होते?