बटलर आणि बालगायक

सॅम्युअल सेबॅस्टियन वेस्ली १८३२ मध्ये इंग्लंडमधल्या हेरफर्ड कॅथेड्रलचा ऑर्गनवादक झाला. तिथल्या एका ईस्टरला गायकवृंदात मुलं तेवढी होती आणि पुरुष एकच, डीनचा (कॅथेड्रलच्या प्रमुख धर्मगुरूचा) बटलर! त्यांच्यासाठी वेस्लीने ‘ब्लेसेड बी द गॉड अँड फादर’ हे अँथम, म्हणजे चर्चमधलं वृंदगीत, रचलं. शब्द बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातले. गायक बहुतेक मुलंच असल्याने मधला भाग कोवळ्या आवाजांचा आहे: एक मुलगा आळवतो, बाकीचे साथ देतात. पुढे खर्जातले पुरुषी स्वर माणसाचं गवतासारखं सुकणं सांगतात आणि अचानक ऑर्गनचा एकच प्रचंड स्वरमेळ कोसळतो. अंगावर काटा आणणारी जागा! लगेच सगळा वृंद देवाच्या चिरंतन वचनाची ग्वाही देतो. अशा अँथमसाठी अँग्लिकन सायंप्रार्थनेत तिसऱ्या प्रार्थनेनंतरची जागा १६६२ च्या प्रार्थनापुस्तकानेच राखून ठेवली आहे.