उतार कधी सुटतो?

मागच्या भागात आपण हिमनदी कशी तयार होते ते पाहिलं. आज हिमस्खलनाकडे वळू.

काश्मीरमधलं गुलमर्ग घ्या. गोंडोलानं अफरवटच्या खांद्यापर्यंत सहज पोचता येतं, आणि राखलेली वाट सोडली की मोकळे उतार सुरू होतात. तिथल्याच हापतखुड भागात १ फेब्रुवारी २०२३ रोजी पोलंडचे दोन स्कीपटू हिमस्खलनात दगावले.

आपल्याला वाटतं, बर्फ जास्त म्हणजे धोका जास्त. खरा प्रश्न थरांचा असतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला पातळ बर्फाखाली जमीन उबदार असते आणि वरची हवा कडाक्याची गार. या फरकामुळे तळाच्या बर्फाचे साखरेसारखे सुटे दाणे होतात. पुढे हिमवर्षाव होतो, वारा तो दाबून घट्ट करतो. म्हणजे काय, तर रवा पसरून त्यावर फरशी ठेवलेली! सपाटीवर ती टिकेल, तिरकी केली तर? साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर असे पाटे सर्वाधिक सुटतात. नेमके हेच उतार स्कीइंगला आवडतात.

सह्याद्रीत घसाऱ्यावर पाय सटकला तर बहुधा एकटा माणूस घसरतो. इथे एकाच्या वजनानं अख्खा उतार सुटतो. माणसांचे बळी घेणारे बहुतेक पाटे स्वतः त्या माणसानं किंवा त्याच्या सोबत्यानंच सोडवलेले असतात. आधीचे चार जण सुखरूप गेले, म्हणून पाचवा सुरक्षित असं नाही.

मग बघायचं काय? शेजारच्या उतारावर ताजं स्खलन, पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज, पुढे धावणारी भेग, नुकताच झालेला जोराचा हिमवर्षाव किंवा वारा, अचानक वाढलेली ऊब. यातलं एक जरी दिसलं तरी तीव्र उतार सोडायचा. आणि आपण सपाटीवर असलो तरी डोक्यावर काय आहे तेही बघायचं.

ट्रान्सीव्हर, शोधकाठी आणि फावडं प्रत्येकाकडे हवंच. पूर्ण गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत काढलं तर वाचण्याची शक्यता बरीच असते. अर्ध्या तासात ती फार घटते. बाहेरची मदत एवढ्यात पोचत नाही, सोबत्यांनाच खणावं लागतं. म्हणून उतार ओलांडताना एकेकानं जायचं. बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून नजर ठेवायची.